बेलसरच्या पाच नळ्या

पुण्यात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले, तेव्हा भारतीय माणसाच्या रक्तात कोणकोणते विषाणू येऊन गेले आहेत याचा कुणालाच धड अंदाज नव्हता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेचे रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून काढलेली ही संस्था. पहिले संचालक होते जे. ऑस्टिन कर. त्यांच्या जोडीला के. सी. स्मिथबर्न आले. युगांडातल्या एंटेबीच्या प्रयोगशाळेत त्यांनी बरीच वर्षे काढली होती. वेस्ट नाइलचा विषाणू त्यांच्याच हाताखाली पहिल्यांदा वेगळा झाला होता.

विषाणू पकडायचा तर तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांतला रुग्ण हवा, आणि असा रुग्ण प्रयोगशाळेच्या दाराशी आपणहून येत नाही. अँटिबॉडींचे तसे नसते. विषाणू निघून गेला तरी त्या वर्षानुवर्षे रक्तात राहतात. म्हणून कर, स्मिथबर्न आणि त्यांचे सहकारी पी. बी. गटणे यांनी देशाच्या निरनिराळ्या भागांतल्या लोकांचे रक्तद्रव जमवले आणि परदेशांत सापडलेल्या बऱ्याच विषाणूंशी ते ताडून पाहिले. पद्धत सरळ पण वेळखाऊ होती. रक्तद्रव आणि विषाणू एकत्र करून उंदराला टोचायचे. उंदीर मेला तर त्या माणसाच्या रक्तात त्या विषाणूला अडवणारे काही नाही, जगला तर आहे. १९५४ साली छापून आलेल्या त्यांच्या निबंधात झिकासमोर एक आकडा आहे: १९६ जणांपैकी ३३.

झिका तेव्हा कुणाच्या खिजगणतीत नव्हता. १९४७ साली युगांडातल्या झिका नावाच्या रानात, पिवळ्या तापाच्या पाळतीसाठी पिंजऱ्यात ठेवलेल्या एका माकडात तो सापडला होता, एवढीच त्याची ओळख. शिवाय त्या ३३ जणांबद्दल शंका घ्यायला भरपूर जागा आहे. डेंग्यू, वेस्ट नाइल, जपानी मेंदूज्वर आणि झिका हे सगळे एकाच कुळातले. एकासाठी तयार झालेली अँटिबॉडी दुसऱ्यालाही थोडीफार चिकटते, त्यामुळे त्या लोकांना झिकाच होऊन गेला होता असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. तरीही एक गोष्ट उरतेच. झिकाच्या खुणा भारतात असाव्यात हे पहिल्यांदा कागदावर आले ते पुण्यात, आणि महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण सिद्ध झाला तो त्याच पुणे जिल्ह्यात, २०२१ साली. मधल्या सदुसष्ट वर्षांत प्रश्न विज्ञानाचा जेवढा होता, त्याहून जास्त तो रक्त कुठून कुठे जाते याचा होता, असे माझे मत आहे.

१९६३ साली कलकत्त्यात तापाची मोठी साथ आली आणि चिकुनगुन्याचा विषाणू भारतात पहिल्यांदा हाती लागला. दशकभरापूर्वीच तो टांगानिकाच्या दक्षिण भागात ओळखला गेला होता. कलकत्त्यात तो एकटा नव्हता, त्याच साथीत डेंग्यूही होता. एकाच गल्लीत, एकाच जातीच्या डासाकडून दोन आजार. दोन्हींत ताप, दोन्हींत अंगदुखी, दोन्हींत पुरळ. खाटेवरच्या माणसाकडे नुसते पाहून हा कुठला आणि तो कुठला हे मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनाही सांगता येईना. मग १९६४ मध्ये मद्रास, १९६५ मध्ये नागपूर.

त्या काळी एका रुग्णाचे निदान करायचे म्हणजे काय खटाटोप होता, तो पाहण्यासारखा आहे. रुग्णाचे रक्त एक-दोन दिवसांच्या उंदराच्या पिल्लांच्या मेंदूत टोचायचे आणि पिल्ले लोळागोळा होतात का यावर नजर ठेवायची. किंवा अँटिबॉडी मोजायच्या. त्यासाठी कलहंसाच्या रक्तातल्या लाल पेशी लागत. विषाणू त्या पेशींना एकत्र चिकटवतो. रुग्णाच्या रक्तद्रवात अँटिबॉडी असतील तर पेशी चिकटत नाहीत, नळीच्या तळाशी टिकलीसारख्या बसतात. पण एका नमुन्यावर काही ठरत नसे. पहिला नमुना तापात, दुसरा दोन-तीन आठवड्यांनी. दुसऱ्यात अँटिबॉडींचे प्रमाण किमान चौपट झाले असेल तरच निदान पक्के. तोवर माणूस एकतर बरा होऊन कामाला लागलेला असे किंवा सांधे धरून ओसरीवर बसलेला. उत्तर आले तरी ते त्याच्यासाठी नसेच. एका रुग्णावरून सगळ्या गावाविषयी काहीतरी कळावे यासाठी ते असे.

मग बार्शी. सोलापूर जिल्ह्यातल्या या व्यापारी गावात १९७३ साली चिकुनगुन्या असा पसरला की पाहणीत साडेसदतीस टक्के लोक आजारी पडल्याचे आढळले. महाराष्ट्राला १९७२-७३ कशासाठी आठवते हे सांगायला नको. दुष्काळात माणूस मिळेल ते पाणी मिळेल त्या भांड्यात भरून ठेवतो, आणि रांजण, पिंप, हौद यांतल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यावरच एडिस इजिप्ती हा डास जगतो. बार्शीची साथ दुष्काळानेच आणली असे मी म्हणत नाही, पण या दोन गोष्टी एकाच वर्षी एकाच जिल्ह्यात आल्या हे नजरेआड करता येत नाही. पुण्याच्या केंद्राचे पथक जाऊन शोध घेऊन आले, निबंध छापला गेला. त्यानंतर सगळे शांत झाले.

इतके शांत की १९८६ साली डॉ. खोर्शेद पावरी यांनी भारतातून आणि आग्नेय आशियातून चिकुनगुन्या नाहीसा झाल्याबद्दल लिहिले. त्या तेव्हा पुण्याच्याच संस्थेच्या प्रमुख होत्या. संस्थेचे नाव १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू संस्था झाले होते, म्हणजे आज सगळ्यांच्या तोंडी असलेली एनआयव्ही. पावरीबाईंना दोष देण्यात अर्थ नाही. जे नमुने येत होते, त्यांत चिकुनगुन्या नव्हता. पण नमुने येत तरी कुठून होते? प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या काळात तापाची तपासणी म्हणजे हिवतापाची तपासणी. आरोग्यसेवक दारोदार फिरे, तापाच्या माणसाचे बोट टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेई आणि क्लोरोक्वीनच्या गोळ्या देई. काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली जाई. हिवताप नाही निघाला की प्रकरण मिटले. काचपट्टीवर विषाणू दिसत नाही. हिवताप नसलेला ताप नेमका कुठला, असा रकाना कुठल्याही वहीत नव्हता.

याच शांततेत २००० साली एक चमत्कारिक गोष्ट घडली. सोलापूर रस्त्यावरच्या यवत गावात एनआयव्हीच्या लोकांनी पकडलेल्या एडिस डासांतून चिकुनगुन्याचा विषाणू निघाला. साथीचा गवगवा कुठेच नव्हता. तपशील डॉ. देवेंद्र मौर्य आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला, आणि बाहेरच्या जगाने त्याची फारशी दखल घेतली नाही. पुढे विद्या अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या-नव्या विषाणूंची जनुके शेजारी-शेजारी मांडली, तेव्हा गंमत कळली. कलकत्त्यापासून बार्शीपर्यंतचे सगळे विषाणू आशियाई घराण्यातले, पण यवतचा आफ्रिकी घराण्यातला. २००५ च्या अखेरीस ज्याने देश झोपवला, त्याच घराण्यातला. मोठी साथ येण्याच्या पाच वर्षे आधीच तो पुण्याच्या वेशीवर येऊन बसला होता. त्या पाच वर्षांत दौंड तालुक्यातल्या कुणाला ताप येऊन सांधे धरले नसतील असे मानणे कठीण आहे. कुणी रक्त पाठवले नाही, इतकेच.

डिसेंबर २००५ पासून आंध्र प्रदेश, कर्नाटक आणि महाराष्ट्रातून बातम्या येऊ लागल्या. २००६ च्या सुरुवातीला मालेगाव. माणसे बसली की उठता येईना, उठली की चालता येईना, सकाळी हाताची मूठ वळेना. बायकांना भाकरी थापता येईना. त्या वर्षी देशात सुमारे १३.९ लाख संशयित रुग्णांची सरकारी नोंद झाली, आणि त्यातल्या फारच थोड्यांचे रक्त प्रयोगशाळेपर्यंत पोहोचले.

सरकारी तक्त्यात २००६ सालच्या चिकुनगुन्याच्या मृत्यूंचा रकाना शून्य आहे. अहमदाबादेत दिलीप मावळंकर आणि सहकाऱ्यांनी महापालिकेच्या मृत्युनोंदी मागच्या वर्षांशी ताडून पाहिल्या. साथीच्या चार महिन्यांत, ऑगस्ट ते नोव्हेंबर २००६, त्या एका शहरात अपेक्षेपेक्षा २,९४४ मृत्यू जास्त झाले होते. हे सगळे चिकुनगुन्याचेच होते असे सिद्ध करता येत नाही, कारण त्यांची तपासणीच झाली नव्हती. आणि नव्हते असेही सिद्ध करता येत नाही, कारण तेच. तपासणी नसली की शून्य लिहिणे सोपे जाते.

त्या साथीनंतर मात्र यंत्रणा हलली. डेंग्यूच्या बाबतीत ती आधीच हलू लागली होती, कारण १९९६ साली दिल्लीत दहा हजारांवर रुग्ण आणि ४२३ मृत्यू झाले होते, आणि दिल्लीत झालेले दिल्लीला दिसते. एनआयव्हीने डेंग्यू, जपानी मेंदूज्वर आणि चिकुनगुन्यासाठी आयजीएम एलायझाचे संच स्वतः बनवले आणि राष्ट्रीय कीटकजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमातून ते देशभरच्या ठरवून दिलेल्या सेंटिनल रुग्णालयांना फुकट जाऊ लागले. उंदरांची पिल्ले आणि कलहंसाचे रक्त यांची गरज संपली. एका नमुन्यावर, एका दिवसात उत्तर.

हा संच म्हणजे तळहाताएवढी प्लास्टिकची थाळी, तिला ९६ खळगे. खळग्याच्या तळाला माणसाच्या आयजीएम अँटिबॉडींना धरून ठेवणारे द्रव्य आधीच माखलेले. त्यात रुग्णाचे रक्तद्रव, मग विषाणूचे प्रथिन, मग ते प्रथिन ओळखणारी खूण बांधलेली अँटिबॉडी. दर टप्प्याला धुवायचे. शेवटी रंगद्रव्य घातले की ज्या खळग्यात चिकुनगुन्या आहे तो निळा पडतो. आम्ल टाकून क्रिया थांबवली की निळ्याचा पिवळा होतो आणि यंत्र त्या पिवळ्याची गडदता मोजते. काम पाहायला सुंदर आहे, पण व्यवहारात एक मेख आहे. थाळी ९६ खळग्यांची आणि तालुक्याहून आलेले नमुने चार. चार नमुन्यांसाठी संच उघडायचा की आणखी येईपर्यंत थांबायचे? बहुतेक ठिकाणी थांबतात. आठवडाभराने अहवाल येतो, तोवर गावात डासांच्या दोन-चार हजार अळ्यांना पंख फुटलेले असतात.

आरोग्य केंद्राच्या बाजूलाही कसरत कमी नाही. रक्त साध्या नळीत घ्यायचे, हलवायचे नाही, गोठू द्यायचे, वरचे पिवळसर पाणी वेगळे काढायचे. ते बर्फाच्या पेटीत ठेवून ज्या दिवशी जिल्ह्याची गाडी जाते त्या दिवशी पाठवायचे. आणि सोबतच्या कागदावर ताप कधी सुरू झाला ती तारीख लिहायची. हा रकाना सर्रास रिकामा सुटतो. वास्तविक सगळी तपासणी त्या तारखेवर उभी आहे. पाच दिवसांच्या आतले रक्त असेल तर विषाणूचे अंश शोधायचे, म्हणजे आरटी-पीसीआर, किंवा डेंग्यूसाठी त्या विषाणूचे एनएस१ हे प्रथिन. पाच दिवस उलटले असतील तर आयजीएम. तिसऱ्या दिवशीच्या रक्तात आयजीएम शोधले तर खरोखर डेंग्यू असलेल्या माणसालाही ‘निगेटिव्ह’ असा कागद मिळतो. शेतकरी माणसाला ‘ताप कधीपासून?’ विचारले तर तो ‘बाजाराच्या दिवसापासून’ म्हणतो. बाजार कुठला, मागचा की त्याच्या आधीचा, हे विचारून लिहिणारी नर्सबाई भेटली तर त्या अहवालाला किंमत.

खासगी दवाखान्यांनी वेगळी वाट धरली: वीस मिनिटांत रेघ दाखवणारे कार्ड. पेशंटला हातात कागद हवा असतो, पेशी किती हे हवे असते, सलाईन हवे असते. कार्ड सोयीचे आहे हे खरे. पण सरकारी हिशेबात कार्डावरची रेघ म्हणजे नुसता संशय. निदान म्हणायचे ते एलायझाला. त्यामुळे एकाच गावातल्या डेंग्यूचे दोन आकडे तयार होतात, दवाखान्याचा वेगळा आणि जिल्हा हिवताप अधिकाऱ्याचा वेगळा, आणि दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत त्यावरून वाद होतो. माझा तक्रारीचा मुद्दा वेगळाच आहे. कार्डाला जे विचारले तेवढ्याचेच उत्तर ते देते. डेंग्यूचे कार्ड झिका दाखवत नाही.

आता बेलसर. पुरंदर तालुक्यात, जेजुरीपासून जवळ. इतिहास वाचणाऱ्याला हे नाव १६४८ साठी ठाऊक असते. आदिलशाही सरदार फत्तेखानाने शिवाजीराजांवर चाल करून येताना तळ दिला तो इथेच. जुलै २०२१ च्या सुरुवातीपासून गावात तापाचे रुग्ण वाढू लागले. कोरोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरली होती, आणि ताप म्हटला की पहिला संशय कोरोनाचा, असे ते दिवस. आरोग्य केंद्रांची सगळी माणसे लस आणि स्वॅब यांत अडकलेली. अशा वेळी इथल्या पाच जणांच्या रक्ताचे नमुने एनआयव्हीकडे गेले. पाच म्हणजे काहीच नव्हे. पण पाचांपैकी तीन चिकुनगुन्याचे निघाले.

त्या पाच नळ्यांत झिका नव्हता. तरी तो सापडला त्यांच्यामुळेच. पाचात तीन हे प्रमाण पाहून एनआयव्हीचे पथक २७ ते २९ जुलै या तीन दिवसांत बेलसर आणि परिंचे या गावांत आले आणि ४१ जणांचे रक्त घेऊन गेले. त्यांत २५ जणांना चिकुनगुन्या, तिघांना डेंग्यू, आणि पन्नास वर्षांच्या एका महिलेला झिका. तिला चिकुनगुन्याही होता. म्हणजे चिकुनगुन्याचा अहवाल आधी हाती आला असता, तर तिचा ताप ‘कळला’ म्हणून फाइल बंद झाली असती. त्या महिन्यात केरळात झिकाचे रुग्ण सापडले होते, म्हणून तो शोधण्याची बुद्धी आणि तयारी दोन्ही होत्या. ३० जुलैला अहवाल आला. दुसऱ्या दिवशी राज्य सर्वेक्षण अधिकारी डॉ. प्रदीप आवटे यांच्यासोबत राज्याचे पथक गावात पोहोचले. मागाहून दिल्लीहून केंद्राचे पथकही आले.

ती महिला तोवर बरी झाली होती. तिच्या औषधात या निदानाने काडीचाही फरक पडला नाही. झिकावर औषध नाही, चिकुनगुन्यावर नाही, डेंग्यूवर नाही. पॅरासिटामॉल, पाणी, विश्रांती. मग तपासणीचा उपयोग काय, असा प्रश्न आरोग्य केंद्रातला तरुण डॉक्टर विचारतो आणि तो रास्त आहे. उत्तर घर-दोन घरे सोडून राहणाऱ्या गरोदर बाईपाशी आहे. २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये लहान डोक्याची बाळे जन्मू लागली आणि पाठोपाठ फेब्रुवारी २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी जाहीर केली, तेव्हापासून झिका म्हणजे पोटातल्या बाळाचा धोका हे जगाला कळले आहे. बेलसरमध्ये त्या एका अहवालानंतर घरोघर जाऊन पाण्याची भांडी रिकामी केली गेली, धूरफवारणी झाली, गरोदर बायकांची यादी झाली. हा आजार शरीरसंबंधातूनही पसरतो, म्हणून निरोधही वाटले गेले. आशाताईंनी ते काम कसे निभावले असेल याची कल्पना खेड्यात राहिलेल्याला करता येईल. गावात कुरबुरही झाली. गावाचे नाव टीव्हीवर झिकाच्या जोडीने येत होते आणि आमच्यात एकच तर बाई आजारी होती, असे लोकांचे म्हणणे.

माझ्या मते बेलसरला उलट शाबासकी मिळायला हवी होती. त्याच पावसाळ्यात, तशाच हौदांच्या आणि तशाच डासांच्या किती गावांत तीच गोष्ट झाली असेल आणि ‘व्हायरल आहे, जाईल’ एवढ्यावर भागले असेल. देशाच्या रोगसर्वेक्षणात २००४ पासून तीन नमुन्यांचे कागद चालत आले: आरोग्यसेवकाने लक्षणांवरून भरायचा एस, डॉक्टरने संशयावरून भरायचा पी आणि प्रयोगशाळेने भरायचा एल. बहुतेक गावांचा ताप एस आणि पी मध्येच विरतो. बेलसरचा एल पर्यंत गेला.

तीन वर्षांनी, जून २०२४ मध्ये, झिका पुणे शहरात पसरला. त्या वेळचा पहिला सिद्ध झालेला रुग्ण स्वतः डॉक्टर होता. ताप आणि पुरळ, खासगी रुग्णालय, तिथून नमुना एनआयव्हीकडे, मग त्याच्या मुलीचाही अहवाल झिकाचा. पुढच्या काही महिन्यांत शहरातल्या रुग्णांची संख्या शंभराच्या वर गेली आणि त्यांत गरोदर महिला बऱ्याच होत्या. ३ जुलैला केंद्राने सगळ्या राज्यांना पत्र लिहून गरोदर महिलांची तपासणी करा, झिका निघाल्यास बाळाच्या वाढीवर लक्ष ठेवा, असे कळवले. डेंग्यू होऊन गेलेल्यांच्या या देशात झिकाचे आयजीएम फसवे ठरते, १९५४ च्या त्या ३३ जणांसारखेच, म्हणून भिस्त आरटी-पीसीआरवर. पण त्यासाठी पुन्हा पहिले काही दिवस हातात हवेत, आणि झिका झालेल्या दर पाच जणांपैकी चौघांना तापच जाणवत नाही. त्यामुळे ताप घेऊन येणाऱ्याची वाट पाहणे सोडून पुण्यात रुग्ण सापडलेल्या भागातल्या गरोदर बायकांचेच रक्त आणि लघवी घ्यायला सुरुवात झाली. ज्यांनी कसलीच तक्रार केली नव्हती, त्यांच्याकडे आरोग्यसेविका नमुन्याच्या बाटल्या घेऊन गेल्या.